सहा दिवस

पॅरिसवर हल्ला झाला तो १३ नोव्हेंबर २०१५च्या रात्री. बाताक्लां नाट्यगृहात, रस्त्यावरच्या कॅफेंमध्ये आणि स्ताद द फ्रान्स मैदानाबाहेर मिळून १३० माणसं मारली गेली. सहा दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने एक विधेयक मंजूर केलं. सीरिया किंवा इराकमधून येणाऱ्या प्रत्येक निर्वासिताबद्दल देशाच्या सर्वोच्च सुरक्षा अधिकाऱ्यांनी ‘याच्यापासून धोका नाही’ असं स्वतः लिहून द्यावं, अशी अट त्यात होती. बाजूने २८९ मतं पडली, विरोधात १३७. राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या स्वतःच्या पक्षाचे ४७ सदस्य बाजूने गेले.

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चचा हल्ला १५ मार्च २०१९चा. शुक्रवारच्या नमाजाला जमलेल्या लोकांवर एकाच माणसाने अल नूर आणि लिनवुड या दोन मशिदींत गोळ्या झाडल्या. ५१ जण गेले. सहा दिवसांनी, २१ मार्चला, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सैनिकी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी जाहीर केली. मधल्या काळात कोणी साठेबाजी करू नये म्हणून त्याच दुपारी तीन वाजल्यापासून अशा बंदुकांचा दर्जा बदलणारा आदेशही लागू झाला.

दोन्हीकडे दुःख खरं होतं, भीती खरी होती आणि मुदतही सारखीच होती. अमेरिकेने विचारलं, मारणारा कोण? न्यूझीलंडने विचारलं, मारलं कशाने? दहशतवादी हल्ल्यानंतरच्या सार्वजनिक वादांकडे पाहताना मला हे दोन प्रश्न सतत दिसतात. पहिला आपोआप तोंडी येतो. दुसरा कोणीतरी मुद्दाम विचारावा लागतो.

पहिला प्रश्न गैर आहे असं मी म्हणणार नाही. पॅरिसमध्ये एका आत्मघाती हल्लेखोराच्या देहाजवळ सीरियाचा पासपोर्ट सापडला. तो बनावट ठरला, पण तो बाळगणारा माणूस ऑक्टोबरच्या सुरुवातीला ग्रीसच्या लेरोस बेटावर निर्वासितांच्या लोंढ्यातूनच उतरला होता. हल्लेखोरांतले बहुतेक फ्रान्स आणि बेल्जियमचे नागरिक होते, तिथेच वाढलेले होते. तरी काही जण त्या गर्दीचा आडोसा घेऊन आले, हेही खरंच. लोकांना भीती वाटली यात नवल नाही. नवल वाटावं ते फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद यांच्या घोषणेचं. हल्ल्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा त्यांनी सांगितलं की पुढच्या दोन वर्षांत ३० हजार निर्वासितांना घेण्याचा शब्द फ्रान्स पाळेल. घाव ज्याच्या अंगावर होता त्याने दार उघडं ठेवलं. सहा हजार किलोमीटरवरच्या अमेरिकेत मात्र तीसहून अधिक राज्यांच्या गव्हर्नरांनी सीरियाचे निर्वासित नकोत असं जाहीर केलं. इंडियानाकडे निघालेल्या एका सीरियन कुटुंबाला ऐन वेळी कनेक्टिकटकडे वळवावं लागलं. तिथल्या गव्हर्नरांनी त्यांचं स्वागत केलं, म्हणून त्यांना छप्पर मिळालं. इंडियानाचे तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांचा आदेश पुढे न्यायालयाने अडवला.

त्या वेळी अमेरिकेत येणाऱ्या सीरियन निर्वासिताची छाननी अठरा ते चोवीस महिने चाले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेपासून सुरुवात, मग अनेक खात्यांची तपासणी, बोटांचे ठसे, समोरासमोर मुलाखती. देशात शिरायच्या सगळ्या कायदेशीर वाटांमध्ये ही सर्वांत बारकाईने पाहिली जाणारी वाट. घातपाताच्या इराद्याने निघालेला माणूस छावणीत दोन वर्षं रांगेत का बसेल, या प्रश्नाला त्या सहा दिवसांत कोणी थांबून उत्तर दिलं नाही. विधेयक पुढे सिनेटमध्ये अडकलं आणि कायदा झालाच नाही.

मग २ डिसेंबर उजाडला. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे एका जोडप्याने १४ जणांना ठार केलं. नवरा शिकागोत जन्मलेला, बायको लग्नाच्या व्हिसावर आलेली. दोघांपैकी निर्वासित कोणीच नव्हतं. त्यांच्या रायफली अमेरिकेतल्या दुकानातून, एका परिचिताच्या नावावर विकत घेतलेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी सिनेटमध्ये दोन प्रस्ताव आले. एक बंदूक विकण्यापूर्वीची पार्श्वभूमी-तपासणी वाढवण्याचा, दुसरा दहशतवादाच्या संशयितांच्या यादीत नाव असणाऱ्याला बंदूक विकू नये असा. दोन्ही पडले. चार दिवसांनी निवडणुकीच्या रिंगणातले डोनाल्ड ट्रम्प यांनी मुस्लिमांना देशात येण्यापासून पूर्ण रोखावं अशी मागणी केली, आणि साऱ्या देशाची चर्चा पुन्हा ‘कोण’पाशी येऊन बसली.

यादीच्या त्या प्रस्तावाकडे नीट पाहिलं की एक अस्वस्थ करणारी गोष्ट ध्यानात येते. तो बंदुकीबद्दलचा होता, मांडणारे उदारमतवादी होते, तरी त्याचा गाभा ‘कोण’ हाच होता. रायफल सर्वांना मिळावी, फक्त यादीतल्यांना नको. आणि यादी कशी बनते? बंद दाराआड, आरोप न सांगता. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाही २००४ मध्ये विमानतळावर वारंवार अडवलं गेलं, कारण त्यांच्यासारखं एक नाव यादीत होतं. केनेडींना वरपर्यंत दाद मागता आली. परक्या नावाच्या सामान्य माणसाने कोणाकडे जायचं? माझ्या मते बंदूक-नियंत्रणाच्या चळवळीने तिथे मोठी चूक केली. आपला प्रश्न लोकांना पटावा म्हणून तिने तो समोरच्याच्या भाषेत विचारला, आणि तिथेच आपली जागा सोडून दिली.

न्यूझीलंडला दुसरा प्रश्न विचारता आला तो केवळ एका पंतप्रधानांच्या चांगुलपणामुळे नाही. तिथे हल्लेखोर गोरा, ऑस्ट्रेलियाचा नागरिक होता, आणि मेलेल्यांत कितीतरी स्थलांतरित आणि निर्वासित होते. सोमालियातून, अफगाणिस्तानातून, सीरियातून जीव वाचवून आलेली माणसं. लिनवुडमध्ये लहानपणी काबूल सोडून आलेला एक माणूस हातात कार्ड घासायचं यंत्र घेऊन हल्लेखोरावर धावला आणि त्याने त्याला पळवून लावलं. अशा वेळी ‘परक्यांना रोखा’ म्हणायला तोंड उरत नाही. हे मान्य करूनही पुढचं श्रेय द्यावंच लागतं. ‘तो एक माथेफिरू होता’ एवढं म्हणून विषय मिटवण्याची सोय त्यांनाही होतीच.

त्यांच्या कायद्यातली फट समजून घेण्यासारखी आहे. १९८३च्या कायद्याने तिथे परवाना बंदुकीला नसे, माणसाला असे. एकदा परवाना मिळाला की साध्या प्रकारच्या बंदुका किती घेतल्या याची नोंद कोणाकडेच नसे. देशात बंदुका किती, याचा पोलिसांचा आकडाही अंदाजाचाच, १२ ते १५ लाख. १९९० मध्ये आरामोआना या किनाऱ्यावरच्या वस्तीत १३ जण मारले गेले, त्यानंतर सैनिकी धाटणीच्या बंदुकांसाठी वेगळी, कडक वर्गवारी केली गेली. पण ती वर्गवारी काडतुसांच्या खोक्यावर, म्हणजे मॅगझिनवर, अवलंबून ठेवली. लहान मॅगझिनची अर्धस्वयंचलित रायफल साध्या परवान्यावर मिळे आणि मोठं मॅगझिन सुटं मिळे, परवान्याशिवायसुद्धा. दोन्ही जोडली की वर्गवारीचा अर्थ संपला. ख्राइस्टचर्चच्या हल्लेखोराने नेमकं हेच केलं.

हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. निवृत्त न्यायाधीश सर थॉमस थॉर्प यांनी १९९७ मध्येच सरकारला अहवाल दिला होता. प्रत्येक बंदुकीची नोंद करा, सैनिकी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुका बाद करा आणि मोबदला देऊन परत घ्या, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बावीस वर्षं तो तसाच राहिला. शिकारी, शेतकरी, बंदूकधारकांच्या संघटना, निवडणुका, सगळं आड आलं. ‘कशाने’ हा प्रश्न रटाळ आहे, हीच त्याची अडचण. त्यात खलनायक नाही. त्यात मॅगझिनची क्षमता आहे, अर्जाचे नमुने आहेत, नोंदवह्या आहेत. त्याच्यावर सभा जिंकता येत नाही.

हल्ल्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालातला परवान्याचा भाग वाचवत नाही. हल्लेखोर ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूझीलंडमध्ये राहायला आला. ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टवर तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही. सप्टेंबरमध्ये त्याने बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला, नोव्हेंबरमध्ये परवाना हातात पडला. अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या नातलगाची मुलाखत घ्यायची असे. त्याच्या बाबतीत चालवून घेतला गेला तो मुख्यतः इंटरनेटवरच्या खेळांतून ओळख झालेला एक मित्र, आणि त्या मित्राच्या घरचं वडीलधारं माणूस. त्याच सुमारास त्याच देशात दुसरा एक नियम चालू होता. आफ्रिका किंवा मध्यपूर्वेतल्या निर्वासिताला वार्षिक कोट्यात जागा हवी असेल, तर त्याचं कोणीतरी नातलग आधीच न्यूझीलंडमध्ये असायला हवं. हा नियम २००९ पासूनचा, आणि सुरक्षेची चिंता हे त्यामागचं एक कारण सांगितलं जाई. छावणीतल्या सोमाली विधवेकडे नातलगाचा पुरावा मागणारं राज्य रायफल मागणाऱ्याच्या नातलगाशिवाय भागवून घेत होतं. त्याला सीमेवर कोणी ओळखायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही, तसं कोणाला ओळखता आलंही नसतं. संशयाचा साठा मर्यादित असतो आणि तो चुकीच्या दारात खर्च होत होता, एवढंच मला दिसतं. आयोगानेही म्हटलं की गुप्तचर यंत्रणांचं लक्ष इस्लामी दहशतवादावर अवाजवी एकवटलं होतं. इस्लामिक विमेन्स कौन्सिलच्या अंजुम रहमान आणि त्यांच्या सहकारी वाढत्या द्वेषाबद्दल सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं सांगत होत्या. ज्यांच्यावर नजर होती, त्याच बायका धोका दाखवत होत्या.

मार्चमध्ये बंदी आली, १० एप्रिलला कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. ते एक विरोधी मत खासदार डेव्हिड सीमोर यांचं, आणि त्यांचा आक्षेप घाईबद्दल होता. तो पोकळ नव्हता. जनतेच्या हरकतींसाठी मोजके दिवस ठेवले, त्यात तेरा हजारांवर निवेदनं आली, ती कोणी कधी वाचणार? भेदरलेल्या अवस्थेत केलेल्या कायद्यांविषयी मला एरवी फार संशय असतो. मग ही घाई मला का मान्य होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर मिळतं ते असं, की या कायद्याचा भार ज्यांच्यावर पडला त्यांच्या हाती मत होतं. सुमारे अडीच लाख परवानाधारक म्हणजे शेतकरी, बदकांची शिकार करणारे, गावोगावचे मतदार. त्यांना न्यायालय होतं, संघटना होती, पुढची निवडणूक होती. ५६ हजारांहून अधिक बंदुका परत आल्या, त्यांचे पैसे दिले गेले. समाजाने स्वतःच्या अंगावर घेतलेलं हे बंधन होतं. निर्वासितांविरुद्धच्या घाईत बंधन त्याच्यावर पडतं ज्याला त्या सभागृहात कोणीच विचारत नाही.

या कसोटीवर एकाच माणसाच्या दोन कृती ठेवून बघाव्यात. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ला पोर्ट आर्थरमध्ये ३५ जण मारले गेले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड सत्तेवर येऊन दोनच महिने झाले होते. बारा दिवसांत त्यांनी सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या. चिडले ते त्यांच्याच आघाडीचे ग्रामीण मतदार. त्यांच्यासमोर बोलायला हॉवर्ड गेले तेव्हा कोटाखाली गोळीरोधक जाकीट घालावं लागलं होतं. हे धैर्य होतं. २०००च्या दशकात शिरताना याच हॉवर्ड यांच्यासमोर ‘टाम्पा’ हे नॉर्वेचं मालवाहू जहाज आलं. ऑगस्ट २००१ मध्ये त्याने बुडत्या होडीतून ४३३ लोकांना वाचवलं होतं, बहुतेक तालिबानपासून पळालेले हजारा वंशाचे अफगाण. हॉवर्ड सरकारने जहाजावर कमांडो उतरवले, त्या लोकांना ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, बहुतेकांना नाऊरू बेटावर पाठवलं. दोन आठवड्यांत न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, निर्वासित आणि दहशतवाद हे शब्द एका श्वासात उच्चारले जाऊ लागले आणि नोव्हेंबरची निवडणूक हॉवर्ड यांनी जिंकली. पहिल्या वेळी ते आपल्या मतदारांसमोर उभे राहिले होते, दुसऱ्या वेळी मतदारांच्या मागे. टाम्पावरच्या सव्वाशेहून अधिक लोकांना न्यूझीलंडने घेतलं.

शरण आलेल्याचं काय करायचं, हा वाद आपल्याला परका नाही. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात विभीषण चार सोबत्यांसह समुद्र ओलांडून येतो तेव्हा रामाच्या छावणीत जी चर्चा होते, तिला सुरक्षा समितीची बैठकच म्हणावं लागेल. सुग्रीव म्हणतो, हा शत्रूचा भाऊ आहे, हेर असणार. अंगद म्हणतो, पारखून घ्या. शरभ हेर पाठवायला सांगतो. जांबवानाला अवेळी, अस्थानी येण्याचाच संशय येतो. मैंद म्हणतो, गोड बोलून त्याला विचारून पाहा. कोणाचंच म्हणणं मूर्खपणाचं नाही आणि राम प्रत्येकाचं ऐकून घेतो. हनुमान मात्र चर्चेची दिशा बदलतो. सुग्रीव कुळाकडे बघत होता, हनुमान वागण्याकडे बघतो. हा काय बोलतो, कसं बोलतो, रावणाला सोडून या घटकेला का आला, हे ताडून बघा म्हणतो. मग राम अभय देतो आणि सांगतो की विभीषणच काय, खुद्द रावण शरण आला तरी देईन. त्याआधी तो एक गोष्ट बोलतो जी कीर्तनांत फारशी येत नाही. हा दुष्ट असला तरी माझं काय बिघडवणार, असा त्याला आपल्या बळाचा भरवसा आहे. अभय देणारा आतून खंबीर असावा लागतो. भेदरलेल्याला दया सुचत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते, ती उगाच नसावी.

पण या कथेत आणि आजच्या राज्यात एक फरक आहे आणि तो टाळून चालणार नाही. रामाने दिलेल्या अभयाची जोखीम रामाच्याच अंगावर होती. आज अभय मंत्रिमंडळ देतं आणि जोखीम बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या वाट्याला येते.

ही गोष्ट न्यूझीलंडमध्येच घडली. ३ सप्टेंबर २०२१ला ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या सुपरमार्केटमध्ये एका माणसाने तिथल्याच फळीवरची सुरी उचलून लोकांना भोसकायला सुरुवात केली. तो श्रीलंकेचा होता, २०११ मध्ये विद्यार्थी म्हणून आला होता, २०१३ मध्ये त्याला निर्वासित म्हणून दर्जा मिळाला होता. पुढे तो दर्जा रद्दही झाला होता, पण त्याविरुद्धचं अपील चालू होतं. इस्लामिक स्टेटने तो भारावला आहे, हे पोलिसांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. तो तीन वर्षं कोठडीत होता. हल्ल्याची नुसती तयारी करणं हा तिथल्या कायद्याने गुन्हाच नव्हता, त्यामुळे जुलैमध्ये त्याला सोडावं लागलं. त्या दिवशीही पोलीस त्याच्या पाठीवर होते. त्यांनी काही क्षणांत त्याला गोळी घातली. सात जण जखमी झाले.

निर्वासितांची बाजू घेणाऱ्याने या घटनेपाशी थांबलं पाहिजे. ‘निर्वासित कधी असं करत नाहीत’ हा युक्तिवाद मुळातच खोटा आणि दुबळा आहे, कारण तो एका माणसाने मोडतो. माणसांचा कुठलाही समूह निर्दोष असल्याच्या अटीवर आश्रय द्यायचा म्हटला तर कोणालाच देता येणार नाही. न्यू लिनने मला दुसरं काही दाखवलं. तिथे ‘कोण’ या प्रश्नाचं उत्तर शंभर टक्के माहीत होतं. नाव, चेहरा, विचार, त्या दिवसाचा प्रवास, सगळं. तरी हल्ला झाला. सातही जण वाचले, याला पोलीस जवळ होते हे एक कारण, आणि हातात सुरी होती, रायफल नव्हती, हे दुसरं. ख्राइस्टचर्चमध्येही पोलिसांनी हल्लेखोराला पहिल्या फोननंतर वीसेक मिनिटांच्या आत पकडलं होतं. तेवढ्यात ५१ गेले होते.

महिन्याभरात तिथे हल्ल्याची तयारी हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तो कृतीवर बोट ठेवतो म्हणून मला तो पटतो, तो कोणावर वापरला जाईल याची काळजी मात्र राहते. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यातली दुरुस्ती संसदेने लगोलग मंजूर केली. आरोपपत्राशिवाय १८० दिवस कोठडीची तरतूद तेव्हाची. मुंबईत शस्त्रं समुद्रावरून हल्लेखोरांबरोबरच आली होती, तिथे ‘कोण आणि कुठून’ हाच पहिला प्रश्न असणं रास्त होतं. पण ‘कशाने’चा एक अर्थ आपल्यालाही लागू होता. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी एके-४७ची नळी हातांनी धरली आणि प्राण दिले. त्यांच्याजवळ लाठी होती. त्यांच्या शौर्याला आपण सलाम केला, पुतळा उभारला. पोलिसाच्या हाती काय द्यायचं, त्याला किती सराव द्यायचा, किनाऱ्यावरच्या गस्तीच्या बोटी चालू आहेत की बंद, या प्रश्नांवर त्या सलामाच्या दहाव्या हिश्श्याइतकी तरी सार्वजनिक चर्चा झाली का?

न्यूझीलंडने ऑक्टोबर २०१९ मध्ये, ख्राइस्टचर्चनंतर सात महिन्यांच्या आत, निर्वासितांसाठीची ती नातलगाची अट काढून टाकली. वार्षिक कोटा हजारावरून दीड हजारावर गेला आणि न्यू लिननंतरही तो खाली आणला गेला नाही. थॉर्प यांनी मागितलेली बंदुकांची नोंदवही जून २०२३ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सत्तापालट झाला आणि बंदूक-कायद्यांचं काम निकोल मॅकी यांच्याकडे आलं. त्या पूर्वी परवानाधारकांच्या संघटनेच्या प्रवक्त्या होत्या, आणि पक्ष सीमोर यांचाच. त्यांनी जुना कायदा पुन्हा लिहायला घेतला, नोंदवहीवरही पुन्हा वाद झाला. मॅगझिनची क्षमता, नोंदीची मुदत, मुलाखत कोणाची घ्यायची, हे सगळं पुन्हा टेबलावर आलं. या वेळी आजूबाजूला हल्ला झालेला नव्हता, मेणबत्त्या नव्हत्या, जगाचे कॅमेरे नव्हते. तिथल्या मशिदींतून आलेल्या कुटुंबांना समितीसमोर जाऊन तेच मुद्दे शांतपणे, कलमवार मांडावे लागले.